खुणेचा माल

१

दिवस मावळला की लोक हातपाय धुतात, चहा घेतात, ओट्यावर टेकतात. निमगाव सावाच्या शिवारात हौशीरामचं खरं काम मात्र तेव्हा सुरू व्हायचं. छोटा ट्रॅक्टर शेडात भिंतीकडं तोंड करून लावायचा. मागचा मशागतीचा रोटाव्हेटर जमिनीला टेकवायचा, म्हणजे न्यायला येणाऱ्याला आधी तो सोडवत बसावं लागेल. पुढच्या चाकातून जाड साखळी ओवून शेडाच्या खांबाला दोन वेढे द्यायचे आणि तिला दोन कुलपं लावायची. तिसरं कुलूप क्लचला. मग बॅटरी काढायची, लेकरासारखी पोटाशी धरून घरात न्यायची आणि पलंगाखाली सरकवायची. चावी करदोड्याला. ती आंघोळीलाही सुटत नसे.

"झोपेत टोचती की ती," साळुबाई, त्याची बायको, एकदा म्हणाली.

"टोचती म्हंजे हाय. टोचायची थांबली का मंग बोंबल."

तसं हे अगदीच वेड नव्हतं. त्या उन्हाळ्यात आसपासच्या शिवारांतून तीन ट्रॅक्टर गेले होते, तिन्ही छोटे. छोटा ट्रॅक्टर द्राक्षाच्या दोन ओळींतून आरामात जातो, तसाच तो पिकअपमध्येही आरामात बसतो. उजाडेपर्यंत तो दुसऱ्या जिल्ह्यात आणि आठ दिवसांत दुसऱ्या रंगात.

हौशीरामनं चार एकरांना जाळीचं कुंपण घातलं, एकच लोखंडी फाटक ठेवलं. लोकांना सांगितलं, बिबट्यासाठी आहे. तरी झोप येईना. शेडापाशी कुणीतरी निजायला हवं होतं. स्वतः निजावं तर शेडामागं उसाचा फड, आणि फडात खरोखरच बिबट्या. माणसाला जीव एकदाच मिळतो असं हौशीरामचं पक्कं मत होतं. फक्त ते तो स्वतःच्या जिवापुरतंच बाळगून होता.

म्हणून त्यानं राघूला ठेवला.

२

राघूच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. चरायला माळ उरला नाही आणि गुडघेही उरले नाहीत, तेव्हा त्यानं मेंढरांची शेवटची खांडं विकली आणि बायकोला, गजराबाईला, घेऊन कामाच्या शोधात निघाला. हौशीरामनं त्या दोघांना शेडाला लागून पत्र्याचं खोपट दिलं.

"राखण म्हंजे काय, कळतं का?" त्यानं विचारलं.

"तेवढंच कळतं, मालक."

"ह्या फाटकाच्या भायेर वस्तीवरचं काय बी जाता कामा नये. सुई गेली तरी तुला धरीन."

राघूनं शेड पाहिलं, गोठा पाहिला, घर पाहिलं. सावकाश, एकेक करून. "काय बी म्हंजे, सगळंच?"

"सगळंच. मराठी कळत न्हाई का तुला?"

"मंग खूण करावी लागंल. आमी खुणेच्या मालाची राखण करतो. बिनखुणेचा माल आपला कसा म्हणावा?" त्यानं कमरेचा छोटा वाकडा चाकू काढला आणि स्वतःच्या कानाच्या कडेवर बोट ठेवलं. "मेंढराला हितं कापायचं. चिमणीच्या चोचीएवढं. नराला डावा कान, मादीला उजवा." मग तो ट्रॅक्टरकडं वळला. "ह्यो नर का मादी?"

हौशीराम ठसका लागेपर्यंत हसला. "ट्रॅक्टर व्हय रं? नर धर!"

राघू गंभीरपणे डाव्या बाजूला गेला, चाकावरच्या मडगार्डच्या कडेला चाकू लावणार, तोच हौशीरामनं त्याचं मनगट पिरगळलं. "रंगाला ओरखडा आला तर तुझा कान कापीन, भाड्या. आधी राखण करून दाखव. मंग खुशाल कर खुणा. ट्रॅक्टरला कर, बोकडाला कर, आमच्या घरातल्या सगळ्यांना कर."

राघू हसला नाही. मनगट चोळत म्हणाला, "बरं. आधी राखण."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला शेडातून एक आवाज यायचा. टक. राघू काठीचं टोक शेडाच्या पत्र्यावर एकदा आपटायचा. मेंढरं वाड्यात घालताना दर मेंढरामागं अशी काठी वाजवायची त्याची सवय होती.

"एकच तर ट्रॅक्टर आहे, राघूबाबा. त्याचं काय मोजायचं?" प्राची त्याला चिडवायची. प्राची म्हणजे हौशीरामची एकुलती एक लेक. माघात तिचं लग्न ठरलं होतं.

"मोजल्याबिगर डोळा लागत न्हाई, ताई," राघू म्हणायचा.

३

कार्तिकात आभाळ भरून आलं. अशा हवेत द्राक्षाच्या पानावर रोग उतरायला दोन दिवस पुरतात. साळुबाई आणि प्राची लग्नाच्या खरेदीला नारायणगावला गेल्या होत्या. हौशीरामनं ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला, टाकीत औषध कालवलं आणि बागेत शिरला.

निम्मी टाकी झाली असेल, तोच ओळीच्या टोकाला गजराबाई दोन्ही हात वर करून उभी दिसली. त्यानं इंजिनाचा आवाज कमी केला.

"धनी पोतं उचलायला गेले आन् घोणस डसली त्यांना! पाय पार मांडीपत्तुर सुजलाय. मालक, ट्रॅक्टर घ्या, नाय तर जीप बोलवा, नारायणगावला न्या त्यांना."

हौशीरामनं टाकीकडं पाहिलं. कालवलेलं औषध ठेवून चालत नाही, ते फेकून द्यावं लागतं. आभाळ तर आणखी खाली आलेलं.

"आलो, आलो," तो ओरडला. "एवढ्या दोन ओळी. तू हो पुढं."

दोन ओळी झाल्या. मग वाटलं, टाकी आता तळाला आलीच आहे. फोन खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. हातात रबरी मोजे होते. जीपला फोन करायचा तर मोजे काढावे लागणार, परत घालावे लागणार. ब्लोअरच्या घरघरीत गजराबाईच्या हाका ऐकू येत नव्हत्या असं त्यानं पुढं सगळ्यांना सांगितलं. त्या येत होत्या.

टाकी रिकामी करूनच तो ट्रॅक्टर घेऊन शेडाजवळच्या कडुनिंबाखाली आला. राघू खोडाला टेकून बसला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यानं हौशीरामकडं पाहिलंच नाही. ट्रॅक्टरकडं पाहिलं, काठी पुढं केली आणि डाव्या मडगार्डला टेकवली. टक.

"आता झाली न्हवं राखण?" त्यानं विचारलं.

हौशीरामनं मोजे काढले आणि जीपला फोन केला. जीप येण्याआधी राघू गेला.

"आमाला कळलंच नाय वेळेवर," हौशीराम जमलेल्या लोकांना सांगत होता, तेव्हा गजराबाई तिथंच उभी होती. दहावा झाल्यावर ती सामान न्यायला आली. घोंगडी घेतली, काठी घेतली, दोन भांडी घेतली.

"त्यांचा चाकू तेवढा द्या."

चाकू कुठंच सापडला नाही. सरणावर ठेवताना कमरेला नव्हता, खोपटात नव्हता, कडुनिंबाखालीही नव्हता.

"मंग त्यांच्यापाशीच असंल," गजराबाई म्हणाली आणि फाटकातून निघून गेली.

४

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हौशीराम बॅटरी उचलत असताना त्याच्या डोक्यावरचा पत्रा वाजला. टक.

दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी आकसतो, हे काय त्याला माहीत नव्हतं? बॅटरी घेऊन तो घरी आला. पण जेवताना त्याच्या ध्यानात आलं, की दिवसभर ऊन पडलंच नव्हतं.

तीन दिवसांनी ट्रॅक्टर धुताना त्याच्या बोटाला काहीतरी लागलं. डाव्या मडगार्डच्या कडेला एक तुकडा नव्हता. बारीक त्रिकोण, चिमणीच्या चोचीएवढा. कानस मारल्याची धार नाही, पत्रा वाकलेला नाही, आतल्या लोखंडावर गंजही नाही. कारखान्यातून तसाच आल्यासारखा.

"म्हातारीनं केलं हे," तो साळुबाईवर ओरडला. "जाता जाता सूड घेतला रांडेनं."

"लोखंड हाय ते. चाकूनं कापायला ती काय भोपळा हाय?"

त्यानं साळुबाईला शिव्या दिल्या.

त्याच आठवड्यात ओतूरचं गिऱ्हाईक बोकड न्यायला आलं. दावणीचा बोकड एरवी दांडगा, माणसाला शिंगावर घेणारा. त्या दिवशी तो फाटकापाशी चारी पाय रोवून उभा राहिला आणि थरथरायला लागला. दोघांनी ओढला, हौशीरामनं मागून लाथ घातली. फाटकातून बाहेर पडल्यावर तो दहा पावलं नीट चालला. मग गुडघे मोडले आणि आडवा झाला. पोट फुगलं नव्हतं, तोंडाला फेस नव्हता. फक्त श्वास नव्हता.

गिऱ्हाईक बोकड तिथंच टाकून चालतं झालं. "रोगी जनावर गळ्यात मारता व्हय?" म्हणालं.

हौशीराम खाली बसला. बोकडाच्या डाव्या कानाच्या कडेला त्रिकोण होता. रक्त नाही, खपली नाही. वरून बारीक लव आलेली, जन्मापासून असावा तसा.

काल संध्याकाळी पत्रा दोनदा वाजला होता, हे त्याला आठवलं. आज तो कान देऊन बसला. टक. एकदाच.

५

एखाद्या शहाण्या माणसानं इथं गजराबाईला शोधून तिचे पाय धरले असते. हौशीराम शहाणा नव्हता, हुशार होता.

शेजारच्या मळ्यात रोटाव्हेटर मारायला तो ट्रॅक्टर घेऊन निघाला. पुढची चाकं फाटकाच्या रेषेवर आली आणि इंजिन बंद पडलं. मागं ढकललं तर पहिल्या झटक्यात सुरू झालं. पुन्हा पुढं, पुन्हा बंद. मेकॅनिक बोलावला. त्यानं डिझेलची नळी फुंकली, फिल्टर बदलला, वायरी चाचपल्या. शेवटी स्वतःच्या पिकअपला दोर बांधून ट्रॅक्टर ओढायचा ठरवला. दोर तुटला. दुसरा आणला, तोही तुटला.

"आण्णा, माझ्या उभ्या जन्मात असलं बघितलं न्हाई," मेकॅनिकनं हात पुसले. "गाडी चांगली हाय तुमची. तिला निस्तं भायेर जायचं न्हाई."

मेकॅनिक गेल्यावर हौशीराम बराच वेळ फाटकापाशी उभा होता. भ्यायला पाहिजे होतं, थोडा भ्यालाही. पण तोंडावर आलं ते हसू. चोर आता काय नेणार? कुलपं तोडली, साखळी कापली, पिकअप आणली, तरी फाटकापलीकडं हा जायचा नाही. असा राखणदार कुणाला मिळतो? याला भाकरी नको, खोपट नको, वर दवाखाना नको.

त्या संध्याकाळी त्यानं साखळी लावली नाही. बॅटरी काढली नाही. वर्षभरात पहिल्यांदा तो उजेडी ओट्यावर बसून चहा प्याला.

राहिला प्रश्न बोकडाचा. तो काय, मरतात जनावरं. पण हुशार माणसाला खात्री लागते. चार दिवसांनी त्याला त्याच्या कुत्र्याच्या, सरदारच्या, डाव्या कानाला त्रिकोण दिसला. रोज मोटरसायकलमागं डांबरी रस्त्यापर्यंत धावणारं ते कुत्रं आता फाटकाच्या आत बसून नुसतं कुंई कुंई करत होतं. हौशीरामनं त्याच्या गळ्यात दोर अडकवला आणि त्याला फरफटत बाहेर नेलं. सरदारनं मालकाचा हात चावला नाही. चाटला.

हौशीरामनं मोठ्यानं पावलं मोजली. दहाव्या पावलाला दोर जड झाला.

६

सोमवारी दाढी करताना त्यानं गालाचा साबण पुसला, मान वळवली आणि वस्तरा तसाच हातात राहिला. डाव्या कानाची कड तुटलेली होती.

बोट लावून पाहिलं. दुखत नव्हतं. कातडी गुळगुळीत, भरलेली.

"साळे! माझा कान असा कवापासनं हाय?"

साळुबाई चुलीपुढं बसली होती. डोक्यावरचा पदर कानांवरून ओढून घेत तिनं वळून पाहिलं. "पयल्यापासनं असाच तर हाय की."

"पयल्यापासनं?"

"आता मला काय ठावं? कोण बघतंय कान!"

हौशीरामनं पंचा डोक्याला गुंडाळला तो काढलाच नाही. मोटरसायकल काढून फाटकापर्यंत गेला. गाडी बंद केली. रेषेपलीकडची माती, त्यावर सरदारला ओढल्याचा फरकाटा, पलीकडं कालव्याचा पूल, सगळं रोजचंच होतं. एक पाऊल टाकून बघावं असं वाटलं. हे सगळं मनाचे खेळ आहेत, बोकड रोगानं मेला, कुत्र्यानं कुणीतरी उंदराला घातलेलं औषध खाल्लं, कान जन्मापासूनच तुटका. एक पाऊल टाकलं की सिद्ध होईल. पाय उचलेना. गाडी ढकलत तो परत आला आणि गुडघा धरलाय असं घरात सांगितलं. त्यानंतर तो फाटकाबाहेर गेला नाही.

साळुबाई रोज दुधाची किटली रस्त्याच्या कोपऱ्यावर नेऊन द्यायची. बुधवारपासून तिनं ते काम प्राचीवर टाकलं. "नको वाटतंय जायला," एवढंच म्हणाली. हौशीरामनं तिला आळशी म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. तिच्याकडं वळून पाहिलं मात्र नाही. तीस वर्षांत त्याला त्याची सवयच नव्हती.

बुधवारी संध्याकाळी पत्रा तीनदा वाजला.

हौशीरामनं बोटांवर मोजलं. ट्रॅक्टर एक. आपण दोन. तिसरं कोण? तो कंदील घेऊन गोठ्यात गेला. गाईच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला होता आणि त्याच्याजवळ कान जरा फाटल्यासारखा दिसत होता. गाय, दुसरं कोण असणार! त्याचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी चारदा. वासरू असेल. ते काही हाताला लागलं नाही, पण वासरूच.

७

रात्रभर त्याच्या डोळ्यापुढून माघातली ती वेळ हलेना. मांडव, अक्षता, गाडीत बसलेली प्राची, आणि फाटक. ट्रॅक्टर झाला, बोकड झाला, कुत्रं झालं, आपण झालो, गाय-वासरू झालं. माघापर्यंत ही पोर कशी सुटेल? ती सुटायला पाहिजे होती. हौशीरामला जगात ट्रॅक्टरइतकंच, आणि कधीकधी त्याहून जास्त, कुणी आवडत असेल तर ती प्राची होती. लहानपणी ती त्याच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरायची.

शुक्रवारी सकाळी तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"केस सार बाजूला. कान बघू."

"कान? काय झालं, आण्णा?"

"सार म्हणतो ना."

तिनं डाव्या बाजूचे केस मागं घेतले. कान अख्खा होता. गोल, कोवळा, खाली सोन्याची बाळी. त्यानं बोट फिरवून पाहिलं, मग पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. देवानं एवढं तरी ठेवलं होतं.

"बॅग भर. आत्ताच्या आत्ता मामाकडं ओतूरला जायचं. लग्न बी तिकडंच करू. हितं परत यायचं न्हाई."

"आज नको, आण्णा."

"का?"

"नको वाटतंय." ती खाली बघत म्हणाली. "दूध पण नाही नेलं मी आज. फाटकापाशी गेले न् तशीच परत आले. दोन दिवसांनी जाते ना."

दोन दिवसांत काय होईल ते तिला काय माहीत! हौशीरामनं सावळेरामला फोन केला. सावळेराम नारायणगाव-ओतूर जीप चालवायचा. अर्ध्या तासात जीप अंगणात उभी राहिली. साळुबाई मध्ये आली, "पोरगी नको म्हणती तर ऱ्हाऊ द्या की," म्हणाली. त्यानं तिला ढकलून दिली. प्राची दाराची चौकट धरून रडायला लागली. "आण्णा, मला नाही जायचं, मला भीती वाटतेय, आण्णा..."

त्यानं तिची बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली. मनगटाला धरून ओढत नेली आणि जीपमध्ये मागच्या सीटवर बसवली. जाताना तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. तो त्यानं सोडवून घेतला.

"सावळेराम, कुठं थांबायचं न्हाई. पळव."

८

जीप फाटकातून बाहेर पडली. हौशीराम मागोमाग फाटकापर्यंत गेला आणि गजांना धरून उभा राहिला. ओठांत पावलं मोजत होता. पाच. आठ. दहा. जीप बोकड पडला त्या जागेवरून पुढं गेली, कालव्याकडं वळली. काही झालं नाही. त्यानं सोडलेला श्वास त्याचा त्यालाच ऐकू आला. गेली. सुटली पोर.

साळुबाई धापा टाकत त्याच्याशेजारी आली. पडल्यामुळं तिचा पदर खांद्यावर घसरला होता, केस सुटले होते. रडत रडत तिनं ते कानामागं सारले.

उजव्या कानाची कड तुटलेली होती. चिमणीच्या चोचीएवढी.

नराला डावा कान, मादीला उजवा.

राघूचा आवाज आत्ता मागून आला की आठवला, हे हौशीरामला कळलं नाही. प्राचीचा डावा कान त्यानं दोनदा पाहिला होता. बुधवारी तीन. गुरुवारी चार. गाय नव्हे आणि वासरूही नव्हे.

कालव्याच्या पुलावर जीपचे ब्रेक करकचून वाजले. सावळेराम उडी मारून खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि आत वाकला.

"आण्णा!" त्याचा आवाज फाटला होता. "आण्णा, पोरीला काय व्हतंय बघा! डोळं फिरवलं तिनं! या लवकर!"

साळुबाईनं फाटक ढकललं. "चला! अवो चला ना!" तिचे पाय रेषेवर एकदा अडले. बोकडासारखीच ती नखशिखांत थरथरली. हौशीरामला तिला धरता आलं असतं. सांगताही आलं असतं. पण ती त्याच्याकडं बघतही नव्हती. "माझं लेकरू," म्हणाली आणि पळत सुटली.

दहा पावलं पळाली. मग गुडघे मोडले आणि ती आडवी झाली, सरदारला ओढल्याच्या फरकाट्यावर.

"आण्णा!" पुलावरून सावळेराम दोन्ही हात वर करून ओरडत होता. त्या दिवशी गजराबाई द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला उभी होती, अगदी तसा. "अजून श्वास हाय! दोघं मिळून नेऊ! या की!"

हौशीरामनं पंचाखाली बोट घालून कानाची कड चाचपली. मग मागं वळून पाहिलं. शेडात ट्रॅक्टर उभा होता, साखळीशिवाय, बॅटरीसकट, आहे तिथं. त्याच्या डाव्या बाजूला घोंगडीची एक काळी दशी लोंबत होती आणि मडगार्डवर एक हात होता. जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो सावकाश फिरत होता. मग हात उचलला आणि पत्रा वाजला.

टक. टक.

हौशीराम थांबला. तिसरा आवाज आला नाही.

"आलो, आलो!" तो सावळेरामला ओरडला, आणि फाटक ओढून घेऊन त्यानं आतून कडी लावली.